पांढरी खूण

कड्यावर काम करणाऱ्या माणसांचा एक नियम होता. तो कुठल्याच कागदावर नव्हता, त्यामुळे तो सगळे पाळत. एकाने ठोकून पाहिलेल्या दगडावर दुसऱ्याने हातोडा मारायचा नाही. दोराला लटकलेला माणूस दगडावर हातोडा मारी आणि कान देई. ‘ठण’ असा आवाज आला, म्हणजे दगड डोंगराला घट्ट धरून आहे. त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ. ‘भद’ असा आवाज आला, म्हणजे मागे भेग आहे. त्यावर लाल फुली. मग बाकीच्यांनी पहारी घेऊन जायचं आणि तो दगड आपण होऊन एखाद्या बसच्या टपावर उतरायच्या आत त्याला खाली पाडायचं. पांढऱ्या रेघेवर पुन्हा ठोकणं म्हणजे ती मारणाऱ्याला चारचौघांत खोटं पाडणं. एवढा उद्धटपणा करायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि उस्तादांच्या रेघेवर तर नाहीच नाही.

उस्ताद म्हणजे त्या टोळीचा कान. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सरळ उभा कडा आणि मधे कसाबसा बसवलेला रस्ता, अशा त्या दरीत त्यांनी निम्म्याहून जास्त आयुष्य दोरावर काढलं होतं. बायको गेल्यावर त्यांनी दोन मुलं वाढवली, तीही त्याच दोरावर. धाकटा मुलगा त्यांच्याच टोळीत पहार चालवत होता. थोरली मुलगी भूगर्भशास्त्र शिकून परत आली आणि रस्त्याच्या कचेरीत लागली. तिला सगळी टोळी ताई म्हणे. आपण आयुष्यभर कशाला लटकलो होतो हे सांगायला पोरीला एवढं शिकवलं, असं उस्ताद म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची छाती फुगायची.

ताई जेवताना सांगत बसे. हा सगळा कडा एके काळी समुद्राचा तळ होता. शिंपले मरून मरून साचले, त्यांचा दगड झाला. मग जमिनीचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांवर रेटले गेले आणि तो तळ चुरगळत वर आला, इतका वर की आता त्याच्यावर बर्फ पडतो. अजूनही येतोच आहे, आपली नखं वाढतात त्याच्याहूनही सावकाश.

“आणि आपण खाली पाडतो,” धाकटा म्हणे. “तो वर येतोय आणि आपण पाडतोय. ताई, ह्यात आपण जिंकणार कधी?”

“आपण कोण पाडणारे? पाणी, थंडी आणि नदी. भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, दगडाला केसभर ढकलतं. दिवसा वितळतं. पुन्हा रात्र. जेवढा वर येतो तेवढाच झिजतो. समुद्रातून आला, वाळू होऊन समुद्रात जातोय. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात एखादा दगड सुटला, तर ते काहीच नाही गं—” असं ती चुकून मैत्रिणीशी बोलल्यासारखं बोलून जाई, आणि धाकटा तिला दिवसभर ‘काय गं’ म्हणून पिडे.

उस्ताद मान डोलवत ऐकत असायचे. निदान ताईला तसं वाटायचं.

संशय यायला बरेच दिवस लागले. घरात उस्तादांना हाक ऐकू जात नसे, पण त्याचा धाकट्याने केव्हाच विनोद करून टाकला होता. “बाबा घरात कुणाचं ऐकत नाहीत आणि कड्यावर सगळं ऐकतात. सगळे बाप असेच असतात.” ते खरंच वाटे. पण हळूहळू ताईच्या लक्षात आलं, की आपण त्यांच्या पाठीमागून बोललो तर बाबा उत्तर देत नाहीत, आणि समोर बसून बोललो तर आपल्या ओठांकडे बघतात. चहाचं पाणी उतू जाऊन शेगडी विझली, तरी ते शेजारीच बसून होते. विचारलं तर म्हणाले, तंद्री लागली होती.

एका सुट्टीच्या दिवशी, धाकटा बाजारात गेलेला असताना, तिने फळीवरच्या दोन चिनी मातीच्या वाट्या काढल्या. एक धड, एक तडकलेली. उस्ताद खिडकीशी, तिच्याकडे पाठ करून बसले होते. तिने दोन्ही वाट्यांवर चमच्याने टिचकी मारली. एक किणकिणली, दुसरी खड् करून गप्प झाली. लहानपणी हा त्यांचाच खेळ होता. बाबा दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगत, डावी फुटकी.

“बाबा, कुठली फुटकी?”

उस्ताद खिडकीतून बाहेरच बघत होते. ताईने पुन्हा वाजवल्या. मग जरा जोरात. शेवटी तिच्या हातातला चमचा खाली पडला. तो पडल्याचंही त्यांना कळलं नाही.

नंतर ते सहज वळले आणि तिच्या हातातल्या वाट्या बघून समजायचं ते समजले. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते मान खाली घालून बसले आणि ते बघणं तिला रागापेक्षा जड गेलं.

“केव्हापासून?” तिने त्यांच्यासमोर बसून विचारलं.

“हळूहळूच गेलं. जन्मभर कानाशी हातोडा वाजला, आणखी काय होणार?” ते म्हणाले. “पण मला कळतं, पोरी. चल, दाखवतो.”

मागच्या अंगणात पाडलेले दगड पडलेले होते. त्यांनी हातोडा घेतला, हातमोजा काढला, डोळ्यांवर पंचा बांधायला लावला. ती ज्या दगडापुढे नेई त्यावर ते हातोडा मारत आणि दांड्यावरची पकड सैल करून क्षणभर थांबत. धड. फुटका. धड. धड. फुटका. एकही चुकले नाहीत. आवाज म्हणजे तरी काय, थरथरच ना, कानात नाही तर हातात. हे तर तीच त्यांना शास्त्राच्या भाषेत समजावू शकली असती. तिला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटून घ्यायचंच होतं, आणि ज्याला वाटून घ्यायचं असतं त्याला ते फार लवकर वाटतं.

“एवढा हंगाम,” उस्ताद म्हणाले. “हिवाळ्यानंतरची सफाई संपली की मी दोर खाली ठेवतो. तोवर कुणाला बोलू नकोस. धाकट्याला तर मुळीच नको.”

“त्याला तर आधी सांगायला हवं बाबा. तो तुमच्या रेघेखाली लटकतो.”

“म्हणूनच नको. आत्ता तो बिनघोर लटकतो. कळलं तर घाबरेल, वर बघत राहील. आणि दोरावर घाबरलेला माणूसच पडतो.” मग म्हणाले, “आणि माझं काय गं? कान गेला म्हटल्यावर मी त्या लोकांत कोण उरतो?”

तिने एकच अट घातली. गोठलेल्या कड्यावर रेघ मारायची नाही. भेगेत बर्फ भरला की तो गोंदासारखा दगड धरून ठेवतो आणि हातोडा मारला तर सगळं एकजीव असल्यासारखं वाटतं. हाताला फरक कळणार नाही. कानाला कळतो, पण तोही फार थोडा: भेग असलेल्या गोठलेल्या दगडाचा ठण मागे रेंगाळत नाही, झटकन मरतो. हे तिला कुणी शिकवलं होतं? त्यांनीच, ती परकर नेसायच्या वयाची असताना.

“गोठलेल्या दिवशी रेघ नाही,” उस्तादांनी वचन दिलं. त्या वर्षी हिवाळा लवकर आटोपला होता, आता गारठा येतो कशाला, असं दोघांनाही मनातून वाटत होतं.

हंगाम अर्धा झाला. नदीला बर्फाचं पाणी आलं, ती दिवसरात्र गर्जू लागली. उस्तादांच्या रेघा कड्यावर वाढत गेल्या आणि त्यांच्याखाली माणसं निर्धास्त लटकली. ताई रोज सकाळी कड्याच्या पायथ्याशी पोचली की वरून बाबा हात हलवत, मग ती हलवी. दिवस बरे चालले होते, आणि त्यामुळेच ती अट दोघांच्याही मनातून मागे पडत गेली.

मग एका रात्री आभाळ स्वच्छ झालं आणि थंडी परत आली. सकाळी बादलीतलं पाणी वर कडक झालेलं होतं. ताईने ते पाहिलं आणि तिला ती अट आठवली. ती धावतपळत कड्याशी पोचली तेव्हा टोळी तयार होती. वळणाच्या वर एक लाल फुलीचा दगड लोंबत होता. तो काढल्याशिवाय रस्ता उघडता येत नव्हता आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती. दगडाच्या वर, छतासारखा पुढे आलेला, एक मोठा कातळ होता. त्याला अजून कुणी ठोकलं नव्हतं.

“मुकादम, ऊन येऊ द्या जरा,” ताई म्हणाली. “सगळं गोठलंय.”

मुकादम हसले. “ताई, तुम्ही शिकलेल्या, पण उस्तादांच्या घरच्या. ऊन आलं की गोठलेलं सुटतं. म्हणून तर आपण सकाळी काम उरकतो. उस्ताद आहेत की कान द्यायला.” आणि उस्तादांकडे वळून त्यांनी मोठ्याने विचारलं, “काय उस्ताद, चालेल ना?”

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. ऐकू येणारा माणूस असेल तर गोठलेली सकाळच सगळ्यात सुरक्षित. त्यात एकच अडचण होती आणि ती अडचण तिथे दोघांनाच माहीत होती.

उस्तादांनी ताईकडे पाहिलं. ताईनेही त्यांच्याकडे पाहिलं. टोळीतली आठ-दहा माणसं दोर खांद्यावर घेऊन उभी होती, धाकटा पहारीवर हनुवटी टेकून गाणं गुणगुणत होता. तिने तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बापाला सगळ्यांसमोर नागवं करणारं होतं, आणि तिला वाटलं, बाबाच नाही म्हणतील. बाबांना वाटलं असेल, ती बोलत नाही म्हणजे तिलाही चालतंय.

“चालेल,” उस्ताद म्हणाले.

ते दोरावरून उतरले, कातळावर सहा-सात ठिकाणी हातोडा मारला, उघड्या हाताने दांडा धरून नेहमीसारखे थांबले. मग ब्रश काढून त्यांनी पांढरी रेघ ओढली, लांबलचक आणि सरळ. टोळीतल्या कुणीतरी ‘झालं!’ म्हटलं. उस्ताद वर चढून धाकट्याचा दोर सांभाळायला बसले. एका दोरावरच्या दोघांना मिळून वायरलेस एकच असे, आणि तो वरच्या माणसापाशी. खालच्याचे दोन्ही हात पहारीत अडकलेले असतात, त्याला काही सांगायचं तर वरच्याने ऐकायचं आणि दोर ओढायचा. अशीच पद्धत होती आणि ती कधी चुकली नव्हती.

लाल फुलीचा दगड हट्टी निघाला. धाकटा ठोकत राहिला, उचकटत राहिला. त्यात ऊन समोरच्या डोंगरावरून सरकत सरकत कड्यावर आलं. ताई खाली लाल झेंडा घेऊन गाड्या अडवून उभी होती आणि तिची नजर त्या पांढऱ्या रेघेवरून हलत नव्हती.

रेघेच्या खाली दगडाचा रंग गडद झाला. आधी वाटलं सावली असेल. मग उन्हात काहीतरी चमकलं आणि खाली पडलं. एक थेंब. पाठोपाठ दुसरा. पाणी कातळाच्या मागून येत होतं.

तिने वायरलेस तोंडाशी धरला. “बाबा, धाकट्याला वर ओढा. कातळ सुटतोय. बाबा! दोर ओढा!”

वर कड्याच्या काठावर उस्ताद मांडी घालून बसलेले दिसत होते. खांद्यावरचा वायरलेस त्यांच्या कानापासून वीतभरही दूर नव्हता. ती ओरडत होती आणि ते शांतपणे दोर हातातून फिरवत होते. तिने शिट्टी फुंकली. नदीने ती गिळून टाकली. धाकट्याचं तोंड दगडाकडे होतं. तिने लाल झेंडा डोक्यावर धरून जिवाच्या आकांताने हलवला.

उस्तादांचं लक्ष गेलं. त्यांना वरून मुलगी दिसली, हातात रोजचा झेंडा. त्यांनी हात वर केला आणि हलवला.

पलीकडच्या टोकाला मुकादमांनी त्यांच्या वायरलेसवर सगळं ऐकलं होतं, ते धावत येत होते. “उस्ताद उत्तर का देत नाहीत?” ते ओरडत होते. “ताई, उस्ताद उत्तर का देत नाहीत?”

कातळ फार सावकाश निघाला. आधी नुसता पुढे झुकला, कुणी खुर्चीतून उठावं तसा, आणि त्याच्यावरची पांढरी रेघ वाकडी झाली. मग धाकट्याने वर पाहिलं.

*

संध्याकाळी टोळी उस्तादांच्या खोलीत जमली. धाकट्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, चेहऱ्यावरूनही चादर ओढून. उस्ताद भिंतीला टेकून बसले होते. तळहातांची सालटी निघाली होती, कारण शेवटच्या क्षणी दोर त्यांच्या हातातून सरसरत गेला होता आणि त्यांनी तो सोडला नव्हता.

मुकादम भला माणूस. ते खूप वेळ घसा खाकरत राहिले. मग म्हणाले, “वायरलेस बंद पडला असणार. थंडीत बॅटरी दगा देते. चौकशीला येतील त्यांना आपण तसंच सांगू. आणि कातळ... कातळाचं काय, डोंगराच्या मनात काय आहे ते कुणाला कळलंय?”

सगळ्यांनी माना हलवल्या. सुटकेचं दार उघडं होतं, नुसतं त्यातून बाहेर पडायचं होतं. मुकादमांच्या ओठांवरची उस्तादांची नजर आता ताईच्या ओठांकडे वळली. तिने काहीच म्हटलं नाही, तर हे सगळे ओझं वाटून घेऊन घरी जाणार होते. तिने पुन्हा एकदा गप्प राहायचं ठरवलं. हो, पुन्हा एकदा. भाऊ पलीकडच्या खोलीत पडलेला असताना.

“वायरलेस चालू होता,” उस्ताद म्हणाले. मोठ्याने, कारण आपला आवाज किती आहे ते त्यांना कळत नव्हतं. “मला ऐकू येत नाही. हंगाम सुरू झाला तेव्हाही येत नव्हतं. पोरीला माहीत होतं, मीच तिला बोलू दिलं नाही.”

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एकेकाची नजर खिडकीबाहेर वळली, जिथे अंधुक उजेडात कडा दिसत होता. हंगामभराच्या पांढऱ्या रेघा त्यावर होत्या, शेकड्यांनी. त्यांतल्या प्रत्येकीखाली ह्या खोलीतला कुणी ना कुणी लटकला होता, आणि खालून बस गेल्या होत्या, शाळेची मुलं गेली होती. पहार चालवणारा एक थोराड माणूस भिंतीला हात लावून खाली बसला.

त्या रात्रीनंतर ताईने स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. पाणी, गारठा, ऊन. ह्याच तीन हातांनी ही दरी कोरली. रस्ता जाईल एवढी मोकळी जागा इथे आली कुठून? असेच दगड पडत गेले आणि त्यांच्या रिकाम्या जागा जोडून जोडून दरी झाली. तो कातळ ह्या वर्षी पडला नसता तर पुढच्या, नाही तर शंभराव्या. हे सगळं खरं होतं, तिने ते परीक्षेत लिहून वर नंबर मिळवला होता. पण तो पडायला कोट्यवधी वर्षं मोकळी होती आणि तिला एक वाक्य बोलायला अख्खी सकाळ मोकळी होती. डोंगराच्या हिशेबात एक माणूस काहीच नसेल. तिला डोंगराचा हिशेब आता ऐकूनही घ्यायचा नव्हता.

धाकट्याला निरोप दिल्यावर टोळीने पुन्हा दोर बांधले. मुकादम स्वतः दारात आले, टोपी हातात धरून म्हणाले, “ताई, नियम मोडतोय. उस्तादांना सांगा, नाइलाज आहे.” आणि उस्तादांच्या रेघांवर हातोडे पडायला लागले. ऊन चढल्यावर, गारठा पूर्ण उतरल्यावर, एकेक रेघ.

घरातून कडा समोर दिसे. उस्ताद खिडकीशी बसून राहात. दोरावरची माणसं दिसत, हातोडा वर जाताना आणि खाली येताना दिसे. पुढचं त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. ताई त्यांच्या मागे उभी राहून ऐके. पहिल्या दिवशी ती प्रत्येक हातोडा मोजत होती. ठण. ठण. ठण. दरीभर घुमून मागे रेंगाळणारा, खणखणीत. दुसऱ्या दिवशीही ठण. शेवटच्या रेघेपर्यंत एकदाही भद आला नाही. तो एक कातळ सोडला, तर म्हाताऱ्याचा हात कुठेही चुकला नव्हता.

शेवटचा माणूस दोर गुंडाळून निघाला, तेव्हा उस्ताद वळले.

“किती फुटके निघाले?”

ताई त्यांच्यासमोर खाली बसली, म्हणजे त्यांना तिचं तोंड नीट दिसावं. “एकही नाही, बाबा. सगळे धड. सगळ्या रेघा बरोबर होत्या.”

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्ट्या बांधलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि थोडंसं हसले, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून पाहुणे हसतात तसं.

“तू मला नेहमीच सांभाळून घेत आलीस,” ते म्हणाले.

“बाबा, खरंच सांगतेय. अगदी खरं.”

“हो, हो,” उस्ताद म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांच्या पाठीशी ती बराच वेळ बोलत राहिली.